डबा कुठं बसून खाल्ला?

माणसाचं कुठलंही दुःख तक्त्याच्या रकान्यात बसतं, अशी ठाम श्रद्धा असलेला आकडेकाकांसारखा दुसरा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. सात रस्त्याजवळच्या आमच्या बालसंरक्षण कार्यालयात ते आकडेवारी सांभाळायचे, म्हणून आम्ही सगळ्याजणी त्यांना आकडेकाका म्हणायचो. कुणाचा चहा टेबलावर तसाच गार होतो, याचाही त्यांच्याकडे रंगीत आलेख असे. मुलीच्या लग्नात पाहुणे कुठल्या पदार्थापाशी रेंगाळतात हे टिपत ते पंगतीत उभे होते. जावई नमस्काराला वाकला, तो बिचारा नोंद पुरी होईपर्यंत वाकलेलाच राहिला.

साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आम्हाला श्रीपूरकडे कोप्याकोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, फिरावं लागे, आणि दर हंगामात आमच्यातली कुणीतरी नोकरी सोडे. साहेब म्हणत, हल्लीच्या मुलींना कष्ट नकोत. काकांना ते पटेना. ते रोज संध्याकाळी प्रत्येकीला फोन करून 'जेवलात का' विचारू लागले. आलेख असा निघाला, की आम्ही सगळ्या वेळेवर, पोटभर जेवून राजीनामे देत होतो. काका चक्रावले. आता 'जेवलात का' म्हटल्यावर 'नाही' कोण म्हणतं? शेवटी त्यांनी प्रश्नच बदलला.

त्या संध्याकाळी माझ्या पर्समध्ये राजीनामा होता. एसटी चुकली होती आणि मी फाट्यावर एकटी उभी होते. फोन आला, "डबा कुठं बसून खाल्ला?" याला तयार उत्तर नव्हतं.

"खाल्लाच न्हाई काका. कोपीवरच्या पोरांना दिला," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

पलीकडे की-बोर्डची टकटक झाली. माझा जीव जातोय आणि हा माणूस नोंद करतोय, म्हणून मी चिडले. मग ते म्हणाले, "तितंच थांबा. अकलूजहून मेव्हण्याला गाडी घिऊन लावून देतो की."

मेव्हणा भाकरीसकट आला. नवा आलेख साहेबांपुढे गेला: एकीनंही डबा धड बसून खाल्ला नव्हता, आणि परतताना प्रत्येक जण फाट्यावर एकटीच उभी होती. तेव्हापासून आम्ही दोघी-दोघी जातो, आणि परत आणायला कार्यालयाची गाडी असते. माझा राजीनामा पर्समध्येच चुरगळला.

काका आता निवृत्त झालेत. काकू गेल्यापासून एकटेच असतात. संध्याकाळचे फोन मी करते. परवा सगळ्यांचे झाल्यावर त्यांनाही लावला. जेवलात का विचारलं, तर म्हणाले, "जेवलो की."

मग मी त्यांचाच प्रश्न विचारला. उत्तराऐवजी ते मला सोलापूरच्या पावसाचे आकडे सांगू लागले.

त्या दिवशीचा डबा मी त्यांच्या ओट्यावर बसून खाल्ला. अर्धा त्यांनी.