अठ्ठेचाळीस मेंढ्यांचं गणित

मी मूळची पलूसची, पण नोकरीची पंधरा वर्षं आटपाडीकडच्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत गेली. पोरं बहुतेक मेंढपाळांची. दोन-तीन वर्षांमागं तिथं तपासणीला जे साहेब आले, त्यांच्याइतका पोकळ माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. कडक इस्त्री, कपाळावर चढवलेला गॉगल, आणि मुलांकडं बघायची तऱ्हा बाजारात जनावराचे दात तपासावेत तशी.

तिसरीतल्या एका मुलीला त्यांनी उभं केलं आणि मोबाईलमध्ये बघून घडाघडा वाचलं, "एका कळपात अठ्ठेचाळीस मेंढ्या होत्या. बारा विकल्या. उरलेल्यांतल्या निम्म्या काकाला दिल्या. मग सात कोकरं जन्मली. आता कळपात जनावरं किती? पटकन सांग."

पोरीचे ओठ हलले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सात?"

साहेब खदाखदा हसले. "डोकं आहे का खोकं? मेंढरामागं फिरून मेंढरूच झालंय हे. बाई, यांना शिकवून उपयोग नाही."

मला त्यांची किळस आली. आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. सुरुवातीची काही वर्षं मीही एका दमात सांगायचे, वही काढा, तारीख घाला, बाविसावं पान उघडा, तिसरं उदाहरण सोडवा. तारखेपाशी अडकलेल्या पोराला सरळ मठ्ठ म्हणायचे. फरक एवढाच, की माझ्याकडं गॉगल नव्हता.

मी कपाटातली चिंचोक्यांची बरणी मुलीपुढं ठेवली. "सगळं एकदम नको. अठ्ठेचाळीस मोज आधी."

तिनं मोजले.

"आता बारा विकले."

बारा बाजूला सारले.

"उरलेल्यातले निम्मे काकाला."

एक इकडं, एक तिकडं, असे तिनं दोन ढीग केले. काकाचा ढीग लांब सरकवला, आपल्या ढिगात सात टाकले, बोटानं मोजलं. "पंचवीस." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पर बाई, काकाच्या मेंढ्या व्याल्या असतील, तर कोकरं काकाचीच की."

ही शंका साहेबांच्या डोक्यात सात जन्मांत आली नसती. ते चिडून म्हणाले, "परीक्षेला काय चिंचोके घेऊन बसणार का?"

मला राहवलं नाही. "साहेब, मोबाईल खिशात ठेवा आणि तेच गणित परत सांगा बरं."

"त्यात काय? अठ्ठेचाळीस मेंढ्या... पंधरा विकल्या..."

"बारा," मुलगी म्हणाली.

साहेबांनी चहाही घेतला नाही. शेरेबुकात 'शिक्षिकेचे वर्तन उद्धट' असं लिहून गेले. त्या तीन शब्दांतही एक वेलांटी चुकली होती.

ते गेल्यावर मी मुलीला विचारलं, "मघाशी सात का म्हणालीस गं?"

"आवं बाई, दुसरं आत घेतलं की पयलं भाईर पडतंय. शेवटचं तेवढं हाताला लागलं."

इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणांत मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी न चुकता एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि ती झाल्यावर दुसरी. ती मुलगी चौथीत चिंचोके सोडून वहीच्या समासात रेघा मारायला लागली. वर्षाअखेरीस रेघाही कमी झाल्या. साहेबांना पुढं बढती मिळाली म्हणे. मिळायचीच. तिथं लक्षात ठेवायला हाताखाली माणसं असतात.