एकसारख्या दोन शिश्या

पिसं आणि दोऱ्यानं बांधलेली नकली माशी पाण्यावर तरंगत ठेवायची, की खालचा मासा तिला खरी समजून वर येतो. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात ती दोन मिनिटांत भिजते आणि बुडते. देऊळघाटकडच्या तळ्यावर मी हा शौक सुरू केला तेव्हा लोक हसायचे. "गांडूळ लावा ना मास्तर, काऊन पिसं भिजवून राह्यले?" पण माझी खाजच भारी.

माशी बुडू नये म्हणून तिला काहीतरी चोपडावं लागतं. त्याचं तयार मलम मिळतं म्हणे, पण बुलडाण्यात कुठलं मिळायला? व्हॅसलीन लावलं तर पिसं चिकटून गोळा झाला. खोबरेल थंडीत थिजलं. शेवटी मेणबत्तीचा कीस टर्पेंटाइनमध्ये विरघळवला. झकास! एक थेंब चिमटीत घेऊन पिसांना चोळायचा आणि तळ्यावर जायच्या आदल्या दिवशीच वाळू द्यायचा. जास्त झाला की माशीचा सत्यानाश. थेंब एकच पडावा म्हणून आईच्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी शिशी धुतली आणि त्यात भरलं. बायको म्हणाली, "तिच्यावरचं लेबल तरी खरडून काढा." काढतो म्हटलं. मी मोठा शहाणा ना!

गेल्या हिवाळ्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिल्या डोळ्याचं आधीच झालं होतं, पण त्यानं तिला धूसरच दिसायचं. सगळी भिस्त या डोळ्यावर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. औषध टाकायचं काम माझं. पुन्हा तीच कंपनी, तीच पांढरी शिशी, तेच निळं झाकण.

त्या रविवारी दुपारी मी टेबलावर माशा मांडून औषध चोळत बसलो होतो. बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. आईनं खाटेवरून हाक मारली, "टाकतं का रे बाप्पा? टाइम झाला." टेबलावरची शिशी उचलली, तिची पापणी वर केली, थेंब टाकला आणि शिशी परत टेबलावर ठेवली.

"अय माय! आग होऊन राह्यली रे!"

वळून पाहिलं. टेबलावर दोन शिश्या. दोन्ही सारख्या, दोन्हींची झाकणं उघडी; आईच्या औषधाचं मी सकाळीच लावायचं विसरलो होतो. मी कोणती उचलली होती?

दोन्हींचा वास घेतला, पण हात, नाक, सगळी खोलीच टर्पेंटाइननं भरलेली. डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. धुवावं तर टाक्यांच्या डोळ्यात पाणी जाईल, न धुवावं तर डोळा जळेल. आई डोळा गच्च मिटून बसलेली, गालावरून ओघळ आलेला.

आणि मग माझ्या त्या दीडशहाण्या डोक्याला सुचलं. औषध न लावलेली एक कोरी माशी घेतली, आईच्या गालावरच्या ओघळात लोळवली आणि वाटीभर पाण्यात टाकली. टर्पेंटाइन असेल तर पाण्यावर तेलकट रंग पसरेल. देवा, पसरू नको, पसरू नको! माशी जरा वेळ तरंगली, कलली आणि बुडाली. पाणी स्वच्छ. तरी विश्वास बसेना, म्हणून दुसरी माशी टाकली.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. ऐकून ते माझ्यावर उखडलेच. "संशय आला की आधी धुवायचा डोळा! तुम्ही वाटीत प्रयोग करत बसलात? तो थेंब दुसरा असता तर तेवढ्या वेळात काय झालं असतं, कळतंय का?" उकळून थंड केलेल्या पाण्यानं डोळा धुतला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्यांनी बत्ती मारून पाहिलं. डोळा शाबूत होता. खऱ्या औषधानंही कधीकधी आग होते, म्हणाले.

घरी येऊन मी ती टर्पेंटाइनची शिशी उकिरड्यावर फेकली. आईला वाटलं, औषधाची आग झाली म्हणूनच नेलं होतं. संध्याकाळी ती उशीला टेकली, मान मागे टाकली आणि डोळा सताड उघडून म्हणाली, "टाक."

माझ्याच्यानं थेंब सुटेना.

"काऊन रे, थांबला काऊन?"

न सांगता चाललं असतं. पण राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. टर्पेंटाइन, शिशी, वाटी, सगळं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच हात वर नेला आणि डोळ्यावर तळवा झाकला.

"तुह्या बायकोले बलाव," ती म्हणाली.