शुभाचं भांडण

रविवारी दुपारी फिल्म क्लबमध्ये जुन्या काळातला एक जर्मन चित्रपट पाहिला. मी आणि हे, धाकटे दीर नितीन आणि जाऊ शुभा. पडद्यावर एका कोवळ्या मुलीचं लग्न घरचे एका बड्या अधिकाऱ्याशी लावून देतात. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो जेवतो, दुसऱ्या टोकाला ती. तो कधी आवाज चढवत नाही, आणि ती आतल्या आत वाळत जाते.

बाहेर पडताना शुभाचे डोळे लाल झाले होते.

"तू असा वागलास ना नितीन, तर त्याच दिवशी निघून जाईन मी," ती भर रस्त्यात म्हणाली.

"जाऊन तर बघ! मीही मागोमाग येईन."

"कशाला?"

"भांडायला!"

वाद घालत दोघं पुढे निघाले. तिने त्यांची बाही घट्ट धरली होती.

खरं तर मला त्या नायिकेची दया यायला हवी होती. पण मला हेवा वाटला तो शुभाचा. आमच्या घरात कधी भांडण होत नाही, आणि नातेवाईक त्याचं केवढं कौतुक करतात! पण रुसायचं तरी कसं? रुसलेलं ओळखणारं कुणीतरी समोर असावं लागतं.

न राहवून मी यांना विचारलं, "अहो, मी निघून गेले तर?"

हे थांबले. त्यांनी वर उन्हाकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाले, "रिक्षाने जा हं. चालत नको."