देवजी पाठ फिरवतो

उधव्यात एखादा बाप्या शनिवारी संध्याकाळी घरी पोचला नाही, तर रविवारी सकाळपर्यंत त्याचं दुसरं लग्न लागलेलं असतं. निदान विहिरीवर तरी लागलेलं असतं. देवजीचं असं लग्न दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर लागलं. नवरीचं नाव तेवढं कुणाला सांगता येत नव्हतं, बाकी सगळा तपशील बायांना पाठ होता. ती सरावलीची, जरा बुटकी, आणि तिच्या दारात म्हशी आहेत.

देवजी सरावलीला चिकूच्या वाडीत कामाला होता. आठवडाभर तिथंच राहायचा, जाळी लावलेल्या बांबूनं चिकू उतरवायचा आणि शनिवारी इतर गड्यांबरोबर जीपला लोंबकळत घरी यायचा. त्या दिवाळीपासून मात्र गडी शनिवारी यायचे आणि देवजी रविवारी दुपार टळल्यावर. तोही कसा, तर पाय फाकवून, एका हातानं दुसरं मनगट चोळत.

"काय गं रूपी, तुझा नवरा असा का चालतो?" शेजारच्या भिकीनं विहिरीवर विचारलं.

"दुसरी असती तर तिनं कधीच परत पाठवला असता त्याला," रूपी म्हणाली. "मीच एक आहे ठेवून घेणारी."

बोलली हसून, पण पुढच्या रविवारी सकाळच्या पहिल्या जीपनं सरावलीला निघाली. डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली. संशय खोटा निघाला तर निमित्त हाताशी असावं.

वाडीतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये तिला नवरा सापडला. खोकी भिंतीला लावलेली, मधली जागा झाडून काढलेली, आणि तिथं डहाणूची कॉलेजातली पोरं रांगेत उभी. रांगेच्या शेवटी पन्नाशीला टेकलेला देवजी गुडघे वाकवून, खाली नसलेल्या घोड्यावर बसल्यासारखा. मांड्या थरथरत होत्या, चेहरा मात्र असा, की घोडा चांगला चाललाय. रूपी दारात बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. हसून झाल्यावर तिला बरंही वाटलं. म्हैस कुठंच नव्हती.

झालं होतं असं. डहाणू रोडला मोबाईलचं दुकान चालवणारा धनेश लहानपणापासून बोरिवलीला जाऊन कुंग फू शिकलेला. त्याला रविवारच्या क्लासला जागा हवी होती. वाडीच्या शेठनं शेड दिली आणि किल्ली देवजीकडे ठेवली. शेड उघडायची, झाडायची आणि क्लास सुटेपर्यंत बसायचं, एवढंच त्याचं काम. पण समोर कुणी हातपाय हलवत असताना आमच्याकडच्या माणसाला नुसतं बसवत नाही. देवजी खोक्यांच्या आड उभा राहून करू लागला. धनेशनं पाहिलं आणि त्याला रांगेत घेतलं.

हे झालं कसं ते. का, ते देवजीनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची मुलगी दक्षा उंबरगावला कंपनीत जायची, सीमेपलीकडे, ठासून भरलेल्या जीपमधून. एकदा जीपमध्ये एकानं तिचं मनगट धरलं आणि सोडेना. ती त्याला चावली. घरी येऊन तिनं ही गोष्ट हसत सांगितली, रूपीही हसली, देवजी जेवणावरून उठला. पुढं शेडमध्ये धनेशनं मनगट सोडवायची आणि उलट समोरच्याचाच हात अडकवायची युक्ती दाखवली, तेव्हा देवजीनं ठरवलं, की हे पोरीला द्यायचं. पण तिची सुट्टी मंगळवारी, क्लास रविवारी. म्हणजे आपणच शिकायचं आणि आपणच शिकवायचं.

"शिकवा की," धनेश म्हणाला होता. "पण आधी बोरिवलीच्या आमच्या मोठ्या सरांपुढे फॉर्म पास करा. आमच्यात पास झाल्याशिवाय कुणी दुसऱ्याला शिकवत नाही."

देवजी बरं म्हणाला. आणि देवजीचं बरं म्हणजे दगडावरची रेघ. त्यानं दक्षाला एक डावसुद्धा दाखवला नाही.

तर त्या रविवारी रूपीच्या देखत फॉर्म सुरू झाला. फॉर्म म्हणजे ठोसे, अडवणी, पावलं, सगळं ठरलेल्या क्रमानं गुंफलेलं, न थांबता करायचं. धनेश समोर उभा राहून बघत होता. देवजी सुरेख जात होता, भातात पाय टाकावा तसा हलका. मग फॉर्म मध्यावर आला. तिथं गर्रकन मागं वळून उरलेला अर्धा उलट्या दिशेला करायचा असतो. पोरं वळली. देवजी वळल्यासारखं करून तिरका सरकला, खेकड्यासारखा कडेकडेनं निघाला आणि शेवटी चिकूच्या खोक्यांवर जाऊन आदळला.

"देवजीकाका," धनेश कपाळाला हात लावून म्हणाला, "दर वेळी इथंच कसं विसरता तुम्ही? एकटे करता तेव्हा बरोबर करता. मी लांबून बघितलंय."

देवजी चिकू गोळा करत राहिला.

"विसरत नाही तो," रूपी दारातून म्हणाली. ती तलाठ्यालाही अरेतुरे करायची, तिथं मोबाईलवाल्याची काय कथा. "तू समोर उभा राहतोस. तुझ्याकडे पाठ कशी करील?"

"म्हणजे?"

"तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणारा पाठ करतो का कधी? आमच्यात नाही करत. तो वाजवत फिरतो, आम्ही त्याच्याकडे तोंड करून फिरतो."

"पण मी कुठं तारपा वाजवतो?"

"नाचवतोस तर तूच ना सगळ्यांना."

पोरं हसली. धनेश हसला नाही. दुकानात गिऱ्हाईक त्याला ए रिचार्ज म्हणून हाक मारत असे, आणि इथं तारपावाल्याचा मान. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

नंतर त्यानं देवजीला पुष्कळ समजावलं. ही रीत नाचाची आहे, इथं वळणंच बरोबर, पाठ केली तर मला राग नाही. देवजी मान हलवायचा, पटलं म्हणायचा, आणि मध्यावर आला की खेकडा. डोकं तयार होतं, पाय ऐकत नव्हते. लहानपणापासून नाचलेले पाय.

मनगटाचे डाव मात्र झकास बसले, कारण सरावाला रूपी होती. ती नागली दळत असली, भाकरी थापत असली, तरी देवजी मागून येऊन हात धरायचा.

"कोपर वर कर. आता दुखतं?"

"भाकरी करपली तर सांगते कुणाला दुखतं ते."

सहा महिन्यांत रूपीला न शिकता सगळ्या डावांतून सुटता येऊ लागलं. एकदा देवजीनं तिचा हात पक्का अडकवला, आणि तिनं कसं काय केलं कोण जाणे, देवजीच चुलीपुढे गुडघ्यावर बसला. भिकी तेवढ्यात मीठ मागायला आलेली. दुसरं लग्न विहिरीवर मोडलं आणि नवी गोष्ट सुरू झाली, की रूपी नवऱ्याला मारते.

परीक्षा दोन हजार अठराच्या जानेवारीत झाली. बोरिवलीहून मोठे सर आले. साठीचे, बारीक, टक्कल पडलेले, खुर्चीत असे ताठ की पाठ टेकतच नव्हते. पोरांचं झालं आणि देवजीला पुकारलं. धनेश सरांच्या खुर्चीशेजारी उभा होता. देवजी मध्यावर आला तसा धनेश हळूच निघाला, भिंतीकडेनं चालत शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. देवजी सरळ वळला, एका दमात, मोठ्या सरांकडे खुशाल पाठ करून, आणि फॉर्म पुरा केला.

"धनेश," मोठे सर म्हणाले, "परीक्षा यांची आहे, तू कशाला फिरतोस?"

धनेशनं खरं ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि देवजीला विचारलं, "मग माझ्याकडे पाठ केलेली चालली?"

देवजीनं प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्ही मला काय शिकवलंत?"

पोरं जमिनीकडे बघू लागली. धनेशनं डोळे मिटले. मोठे सर खुर्चीतून उठले, देवजीसमोर आले आणि म्हणाले, "धरा माझा हात." देवजीनं धरला. सरांनी त्याची करंगळी कशी कुठं वळवली ते कळलंच नाही, देवजी खाली वाकला. सरांनी तोच डाव सावकाश दाखवला, अंगठा कुठं, वजन कुठं. मग देवजीकडून स्वतःवर करून घेतला, दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर.

"आता शिकवलं मी," सर पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. "धनेश, माझ्याशेजारी उभा राहा. हलायचं नाही. करा फॉर्म."

देवजीनं दोघांकडे बघितलं. एका गुरूचे दोन झाले होते, आणि दोघंही एकाच बाजूला. त्यानं सुरुवात केली. मध्यावर आला आणि थांबला. वळला असता तर दोघा गुरूंचा अपमान, सरकला असता तर नापास. नापास म्हणजे दक्षानं आणखी वर्षभर त्या जीपमधून नुसत्या दातांवर जायचं. देवजीचे ओठ हलले. काय पुटपुटला ते त्यालाच माहीत, बहुतेक माफी मागितली असावी. मग तो वळला. मान खाली घालून, घाम पुसावासा वाटत असूनही न पुसता त्यानं उरलेला अर्धा फॉर्म केला, आणि संपल्यावरही भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला.

"डावी टाच उचलली जाते तुमची," मागून मोठे सर म्हणाले. "अशानं कुणीही पाडेल. आजवर कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार," धनेश म्हणाला. "आज पहिल्यांदा दिसली."

देवजी सावकाश वळला. आपल्याला डावी टाच आहे हे जणू त्याला आत्ताच कळलं होतं. सरांनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि टाच टेकवायच्या अटीवर शिकवायची परवानगी दिली.

मंगळवारी देवजीनं वाडीत खाडा केला. उधव्याच्या अंगणात दक्षाला उभं केलं, आधी मनगट, मग करंगळी. दक्षा पटापट शिकत होती, आईवर गेलेली. भिकी कुंपणापाशी उभी राहून बघत होती. पुढं जीपमध्ये काय झालं याच्या उधव्यात ज्या चार वेगवेगळ्या हकिगती सांगतात, त्या चारही तिच्याच. एवढं खरं, की मनगट धरणारा तो माणूस हल्ली ड्रायव्हरशेजारी बसतो.

पुढच्या मंगळवारपासून फॉर्म सुरू झाला. देवजी समोर उभा राहून पावलं सांगत होता. पोरगी मध्यावर आली आणि कसलाही विचार न करता, वेणी उडवत, बापाकडे सरळ पाठ करून वळली.

"बघ," रूपी उंबऱ्यावरून उठून दोघांच्या मधे येत म्हणाली, "पाठ केली तुला."

"करू दे," देवजी म्हणाला आणि उकिडवा बसून दक्षाच्या टाचांकडे बघू लागला. "तू मधून बाजूला हो. मला दिसत नाही."