बर्फाची परीक्षा, केंद्र बुकित पंजांग

सिंगापूरच्या विमानतळाबाहेर टॅक्सीत बसलो तेव्हा माझ्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. विमानात गारठलो म्हणून घातला आणि उतरताना काढायचा राहिला. बाहेर उकाडा इतका की चष्म्यावर वाफ धरली. टॅक्सीवाले गृहस्थ चिनी, माझ्याच वयाचे. तिकडे आमच्या वयाच्या सगळ्यांना ‘अंकल’ म्हणतात, त्यामुळे मी त्यांना अंकल आणि ते मला अंकल. फिरायला आलात का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की बर्फावर गाडी कशी चालवायची ते शिकवायला आलोय. त्यांनी आरशातून आधी माझ्याकडे आणि मग स्वेटरकडे पाहिलं.

“हिअर नो स्नो, अंकल,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

“म्हणूनच मला बोलावलंय,” मी म्हणालो. त्यांनी एसी वाढवला आणि बुकित पंजांग येईपर्यंत हा विषय पुन्हा काढला नाही.

आता खुलासा करतो. माझा मोठा भाऊ बोटीवर इंजिनियर. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असतो. वहिनी आणि पुतणी केतकी बुकित पंजांगला एका उंच इमारतीत राहतात. केतकी तिथेच वाढली, तिथेच इंजिनियर झाली, आणि आता तिला उत्तर जपानातल्या एका विद्यापीठात दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. राहायची जागा गावाबाहेर, बस कमी, आणि जागेबरोबर आधीच्या संशोधकाची गाडीही मिळणार होती. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिन पुढे आणि जोर मागे. बर्फावर ही गाडी म्हणजे नवसाचं पोर. जरा मनाविरुद्ध झालं की पाठ फिरवते.

यातलं काहीही केतकीनं आईला आपण होऊन सांगितलं नव्हतं. नोकरीचं कळलं ते होकार कळवून झाल्यावर. गाडीचं कळलं ते मोबाइलवर बर्फात अर्धी बुडालेल्या गाडीचा फोटो दिसला म्हणून. आईला काळजी वाटेल, हे तिचं कायमचं कारण. वहिनींनी जाण्यालाच विरोध केला. घरात आठवडाभर अबोला झाला आणि शेवटी प्रकरण बोटीवर दादाकडे गेलं. दादानं समुद्रावरून निकाल दिला, की धाकट्याला बोलवा, त्यानं पास केलं तर केतकी जाईल, नाही तर नाही. मी नोकरीतले बरेच हिवाळे हिमाचलात, एका धरणाच्या कामावर काढलेत. तिथे प्रकल्पाची अशीच एक जुनी गाडी मी बर्फावरून हाकत होतो. घराण्यात बर्फाचा अधिकारी असा मी एकटाच.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी मला आनंदानं कबूल केलं. केतकीला वाटलं, काका लाड करणारा आहे. वहिनींना वाटलं, भाऊजी स्वतःच्या गाडीला कुणाला हात लावू देत नाहीत, ते कुणाला पास करतायत. आणि दोघींनी मला खाऊ घालायला सुरुवात केली. सकाळी वहिनी लिटल इंडियातून आणलेल्या अळूच्या वड्या तळायच्या. त्या संपायच्या आत केतकी मला खाली कोपीच्या (दाट, गोड दुधाच्या कॉफीच्या) दुकानात न्यायची आणि काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड लेप लावलेला पाव) समोर ठेवायची. परीक्षकानं पक्षपात करू नये म्हणून मी दोन्हीकडचं सारखंच खाल्लं.

पहिला धडा मात्र आपोआप मिळाला. बुकित पंजांगमधून एक छोटी, चालक नसलेली आगगाडी इमारतींच्या मधून फिरते. तिला एलआरटी म्हणतात. रूळ लोकांच्या बैठकीच्या खोल्यांच्या इतक्या जवळून जातात की इमारत आली की डब्याच्या काचा आपोआप धुरकट होतात. लोकांच्या घरात डोकावता येऊ नये, म्हणून केलेली ही सोय. मी मात्र समोरच्या बाल्कनीतल्या बाई टीव्हीवर काय बघतायत ते पाहत होतो, तेवढ्यात काच पांढरी झाली आणि मला चोरी पकडल्यासारखं झालं. केतकी हसायला लागली. मी लगेच गुरुजी झालो. थंडीत सकाळी गाडीची काच अशीच असते, म्हटलं, आणि आळशी माणूस ताटलीएवढं भोक खरवडून तसाच निघतो. सगळ्या काचा स्वच्छ झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. समोरच्या आजी माझ्याकडे काळजीनं बघत होत्या.

दुसरा धडा हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांच्या सरकारी मंडपात) झाला. तिथे आइस कचांग नावाचा पदार्थ मिळतो. किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्यावर लाल-हिरवा पाक, मका, आणि तळाशी चक्क गोड राजमा. मी त्या डोंगरात वळणाचा रस्ता कोरला आणि चमच्याची गाडी केली. वहिनींनी तो खाण्यासाठी आहे म्हणून काढून घेतला, मग मक्याचा दाणा वापरला. निघताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका, जमलं तर दुसऱ्याच गिअरमध्ये. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, हळू. वळणात काहीही एकदम करायचं नाही. आणि मागची बाजू सरकलीच, तर पाय अलगद उचलायचा, ती ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं, नजर जायचं तिकडे, आणि ब्रेक मारायचा नाही. चारही चाकांना हिवाळी टायर हवेत, हे तर वेगळं सांगायलाच नको.

“रिलॅक्स लाह, काका, आय नो,” केतकी म्हणाली. ती तिकडच्या मुलांसारखं प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘लाह’ जोडते. “मी सगळे व्हिडिओ पाहिलेत.”

शेजारच्या टेबलावर जवळच्याच चोआ चू कांग भागात राहणारे लेले सहकुटुंब बसले होते. दादाच्या ओळखीचे, आयटीतले, मूळ पुण्याचे. ते खुर्ची ओढून आमच्यात आले. ते एकदा स्वित्झर्लंडला बसमधून बर्फ बघून आले होते, त्यामुळे त्यांनी मला अर्धा तास बर्फ समजावून सांगितला. चाकांतली हवा काढावी, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या सौंना लिंबू-मिरची बांधणं जास्त खात्रीचं वाटत होतं. वहिनी सगळ्यांचं ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. इतक्या भयंकर गोष्टी ऐकून कुणीही शहाणा माणूस मुलीला पाठवणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या संध्याकाळी भांडी आवरताना मी वहिनींना विचारलं, की नेमकी भीती कशाची आहे, बर्फाची की एकटं राहण्याची. त्यांनी ओटा पुसून घेतला, फडकं पिळलं आणि मग बोलल्या.

“काळजी मी करतेच, भाऊजी. तुमचे दादा बोटीवर गेले की करते, हिला ऑफिसातून यायला उशीर झाला की करते. सांगितलं तर निदान कशाची करायची ते तरी कळतं. ही तिथून रोज फोनवर म्हणेल, आई, सगळं छान आहे. आणि मला कधीच काही कळणार नाही.”

माझ्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्नच नव्हता.

खरी अडचण प्रात्यक्षिकाची होती. सिंगापुरात बर्फ नाही आणि घरात गाडीही नाही, कारण तिकडे गाडी घेणं म्हणजे दुसरा फ्लॅट घेण्यासारखं आहे. केतकीकडे लायसन होतं, पण ते पाकिटात. मग मला गो-कार्ट आठवल्या. जत्रेतल्या खेळण्याएवढ्या त्या बुटक्या गाड्या मागच्याच चाकांवर चालतात. आणि तिकडे दुपारी आभाळ भरून येतं, सपाट्याचा पाऊस पडतो आणि थांबतो. ओला गुळगुळीत ट्रॅक आणि मागून रेटणारी गाडी, उष्ण प्रदेशात बर्फाच्या याहून जवळ जाता येणार नाही. आम्ही शहराच्या एका टोकाच्या ट्रॅकवर गेलो आणि पावसाची वाट बघत बसलो. बाकीची गिऱ्हाइकं पाऊस आला म्हणून निघून गेली आणि आम्ही तेवढे उठून उभे राहिलो. तिकीट देणाऱ्या फरीदाबाई मलय होत्या. त्यांनी ट्रॅक निसरडा झालाय, हळू चालवा, असं बजावलं. निसरडा हवाच आहे, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला सगळ्यात घट्ट हेल्मेट दिलं.

आधी मी करून दाखवणार होतो. पहिलं वळण झकास घेतलं. वहिनी कठड्याशी छत्री धरून उभ्या होत्या, त्यांना आपलं कौशल्य दिसतंय ना, हे पाहायला मी मान वळवली. नजर जायचं तिकडे, हा माझाच नियम. गाडी वहिनींकडे निघाली, मग मागची बाजू पुढे आली, आणि मी कडेच्या टायरांच्या ढिगात पाठमोरा जाऊन बसलो. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता. केतकीनं फोटो काढला. तो बोटीवरसुद्धा पोचला, असं नंतर कळलं.

मग केतकी बसली. सरळ रस्त्यावर छान चालवत होती, पण प्रत्येक वळणात मागची बाजू जरा सरकली की तिचा पाय ब्रेकवर जायचा आणि गाडी गरकन फिरायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. व्हिडिओत पाहिलेलं सगळं डोक्यात होतं, पण ते पायापर्यंत उतरत नव्हतं. ती ओलीचिंब होऊन समोर उभी राहिली आणि मी निकाल दिला, नापास. मी हे मुद्दाम केलं, असा तिला आजही संशय आहे. तसं अजिबात नव्हतं. घसरताना ब्रेक मारणारा माणूस बर्फावर नापासच.

केतकी हेल्मेटचा पट्टा काढत खाली बघत राहिली. मी वहिनींकडे पाहिलं. जिंकल्या होत्या त्या, आता घरी जाऊन वड्या तळायला मोकळ्या. पण त्यांनी छत्री मिटली आणि तरातरा माझ्याकडे आल्या.

“नापास म्हणजे काय, भाऊजी? तुम्ही स्वतः टायरांत जाऊन बसलात, तुम्हाला कुणी पास केलं? पोरीला एकदा बसवलंत आणि झालं? लहानपणी पोहायलासुद्धा ही पहिल्यांदा बुडाली होती. परत बसवा तिला.”

केतकी आईकडे बघतच राहिली. मीही. फरीदाबाईंना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी न विचारता आणखी एक तिकीट फाडलं.

पुढचा वेळ माझ्या हातात काही उरलं नाही. वहिनी कठड्याशी उभ्या राहून दर वळणाला ओरडत होत्या, “पाय उचल, केतकी. पाय.” घसरली, फिरली, घसरली, अर्धी फिरली. मग एका वळणात मागची बाजू सरकली, ब्रेकवर पाय गेला नाही, चाक सरकत्या बाजूला वळलं आणि गाडी जरा डुलून सरळ झाली. नंतर तिनं ते इतक्या वेळा केलं, की मुद्दाम घसरते आहे असं वाटायला लागलं. मी पास म्हणालो, तेव्हा कुणी ऐकलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये मी सामानाचं सांगत होतो. अशा गाडीच्या डिकीत, मागच्या चाकांवर, वजन ठेवतात, वाळूची पोती, नीट बांधून. वहिनींनी हात करून मला थांबवलं.

“वाळू कशाला? तांदूळ ठेवू दे. वाळू काय खाता येते?” मग त्या केतकीकडे वळल्या. “आणि ऐक. घसरू नकोस असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या हातात नाही. पण घसरलीस तर मला सांगायचं. आधी मला.”

“ओके लाह, आई,” केतकी खिडकीबाहेर बघत म्हणाली. त्या ‘लाह’वर किती विसंबायचं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मला सोडायला वहिनी एकट्याच विमानतळावर आल्या. केतकीला ऑफिस होतं. बराच वेळ त्या माझ्या बॅगेचा पट्टा नीट करत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही नापास म्हणालात तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. तेच तर हवं होतं मला. पण मला भयंकर राग आला.” मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि मी तो बोलूनही दाखवला. त्यांनी मला डबा दिला आणि लवकर आत जायला सांगितलं.

साताऱ्याला परतल्यावर लोक विचारतात, सिंगापुरात काय काय पाहिलंत. त्या प्रसिद्ध उंच इमारती, बागा, समुद्रकाठचे दिवे, यातलं मी काहीच धड पाहिलं नाही, आणि हे कबूल केलं की लोकांना माझी कीव येते. मला मात्र त्याचं वाईट वाटत नाही. मी एका मुलीला पाय उचलायला शिकवायला गेलो होतो. तेही शेवटी तिच्या आईनंच शिकवलं. पण गाडी शिकवता येते; फोन करायला कुणाला शिकवता येत नाही, ही रुखरुख माझ्या मनात राहिलीच होती.

जानेवारीत एका सकाळी वहिनींचा फोन आला. केतकीची गाडी काल घसरली, पुलावरच्या वळणात. मी खुर्ची ओढून बसलो. तिनं पाय उचलला, वहिनी सांगत होत्या, चाक वळवलं, सावरली, कुणाला काही झालं नाही. मी विचारलं, तुम्हाला हे कुठून कळलं.

“तिनंच सांगितलं. गाडी कडेला लावली आणि तिथूनच फोन केला. घाबरलेय म्हणाली, थोडा वेळ बोलत राहा म्हणाली. मग बोलत राहिले मी.” आणि पुढे म्हणाल्या, “रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो, भाऊजी.”

इतक्या वर्षांत त्यांचा इतका आनंदी आवाज मी कधी ऐकला नव्हता.