पट्टीचा रंग बदलेपर्यंत

मंडळी, आज माझ्या दाराची बेल वाजली. विश्रांतवाडीत राहायला आल्यापासून पार्सलवाल्याशिवाय कुणी वाजवली नव्हती, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आमच्या लॅबमध्ये पाणी तपासायच्या स्वस्त कागदी पट्ट्या बनतात. पट्टी पाण्यात बुडवायची आणि अर्धा तास थांबायचं. मैलापाण्याचे जंतू असले तर ती जांभळी होते. मग फेकून द्यायची. सकाळी सोसायटीत टँकर आला, तेव्हा मी खाली जाऊन त्याचं पाणी तपासलं. सगळ्यांनी गॅलरीतून पाहिलं, बोललं कुणीच नाही.

दुपारी समोरच्या काकू तांब्या घेऊन दारात. "आमचंही बघ गं जरा." पट्टी बुडवली. तोवर काकू बसल्या, अमरावतीला माझ्या घरी कोण कोण असतं ते विचारलं. पट्टी पांढरीच राहिली.

संध्याकाळी पुन्हा बेल. "हे बाथरूमच्या नळाचं."

"काकू, टाकी एकच आहे. तेच येणार."

"येऊ दे की. घरी तरी कोण वाट बघतंय माझी?"

मी नवी पट्टी बुडवली आणि दोन कप चहा टाकला.

उद्या लॅबमध्ये मीटिंग आहे. विषय: हा अर्धा तास दोन मिनिटांवर कसा आणायचा. सांगा, मी काय बोलू?