वीरभद्राच्या हॉलचा टॅक्स

ग्रामपंचायतीत बिल कलेक्टर म्हणून दारोदार फिरणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. लोक घरपट्टी देत नाहीत, पण न देण्याचं कारण मात्र चहा पाजून सांगतात. त्यातली निम्मी कारणं मी विसरलो. वीरभद्राच्या हॉलचं प्रकरण काही विसरत नाही, कारण त्यात माझी लेक अडकली होती. आणि शेवटी नक्की काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव बिदरकडचं, हळ्ळीखेडच्या अलीकडे. गावात वीरभद्राचं देऊळ, देवळाला लागून लग्नाचा हॉल, हॉलला लागून देवळाचेच गाळे. हॉल बाहेरच्यांना भाड्याने, गावच्या लेकीच्या लग्नाला फुकट, ही जुनी रीत. माझ्या सविताचं लग्न अफजलपूरच्या मुलाशी ठरलं आणि मी हॉल धरला. त्याच आठवड्यात पंचायतीत नव्या पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी मॅडम हजर झाल्या. म्हैसूरकडच्या, मराठीचा गंध नाही.

पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी कन्नडमधून विचारलं, "या हॉलचा टॅक्स का येत नाही?"

"देवाचा आहे, मॅडम," मी म्हटलं.

"भाडं देव घेतो का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही भाडं मीच घेतो.

नियम साधा होता म्हणे. पूजेची जागा माफ, भाड्याची जागा नाही. नोटीस द्यायचं काम अर्थात माझं. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष शिवराजअप्पा. त्यांनी नोटीस हातात घेतलीच नाही. म्हणाले, "टॅक्स लागला म्हंजे धंदा झाला. धंदा म्हणलं की फुकट कुणालाच न्हाई. तुझ्या लेकीलाबी न्हाई. बघ बाबा, काय करायलास ते."

घरी आलो तर बायकोला बातमी माझ्या आधी पोचलेली. तिने ताट वाढलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसली.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमसोबत मोजणीला गेलो. आता देऊळ कुठे संपतं आणि हॉल कुठे सुरू होतो? श्रावणात प्रवचन हॉलमध्ये, आणि लग्नाची पंगत पार सभामंडपापर्यंत. टेप धरून मी नुसता उभा.

मॅडमनी तोडगा काढला. "लोक चप्पल काढतात तिथून देऊळ. त्याच्या बाहेर टॅक्स."

मला पटलं. अप्पांना तर फारच पटलं! दुसऱ्या दिवशी बिदरच्या पार्टीचं लग्न होतं. हॉलच्या फाटकावरच सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या. नवरदेव अनवाणी, बँडवाले अनवाणी, आचारी भट्टीपुढे पाय नाचवत पुऱ्या तळतोय. मॅडम बघायला आल्या, तर अप्पा हात जोडून म्हणाले, "सगळं देऊळच हाय बघा, मॅडम."

गाळ्यात रसूलचाचांची पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी बघतो तर त्यांच्याही दाराशी चपलांची रांग. मला बघून म्हणाले, "मैं भी चप्पल उतारा साब, अब मेरेकू टॅक्स कैकू?"

मी म्हटलं, चाचा, विचारून सांगतो. अजून विचारलेलं नाही.

*

हे गावभर झालं आणि काशप्पा किराणावाला पंचायतीत आला. त्याच्या गळ्यात इष्टलिंग, रोज सकाळी घरात पूजा. त्याचं म्हणणं असं, "आमचा देव आमच्या अंगावर. मी बसतो तिथं देऊळ. मग माझ्या घराला पट्टी कामून?"

खरं सांगायचं तर मला ते बरोबरच वाटलं. मॅडमनी नियम वाचून दाखवला, की पूजा सार्वजनिक पाहिजे, दार सगळ्यांना उघडं पाहिजे.

"हाय की उघडं," काशप्पा म्हणाला. "कोण नको म्हणायलंय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गाव काशप्पाच्या घरी पूजेला. पूजेनंतर बसायचं, बसलं की चहा, चहावर पोहे. आठवडाभर दम काढला. मग त्याची बायको, गंगाक्का, स्वतः पंचायतीत आली आणि घरपट्टी टेबलावर आपटली.

"टॅक्स घ्या. पण ही मान्सं बंद करा!"

*

इकडे लग्न जवळ यायला लागलं. मॅडम म्हणायच्या, देवळासमोरचा दिवा पंचायतीचा, गटार पंचायतीचं, पाणी पंचायतीचं, मग टॅक्स का नको? मला पटायचं. देवळात गेलो की अप्पा म्हणायचे, दुष्काळात गावाला जेवायला देवळानं घातलं का पंचायतीनं? तेही पटायचं. सकाळी मी एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या. रात्री झोपच नाही. पारावर गेलो की गप्पा थांबायच्या. देवाला नोटीस देणारा म्हणून लोक बघत होते, आणि मला त्याची लाज वाटत होती.

सविता एकदा म्हणाली, "बाबा, तुमी माझ्यापायी इतकं कामून वाळायलाव?" मी विषय बदलला.

शेवटी अप्पांनीच मार्ग काढला. "देवाचा टॅक्स हाय ना? मग देवालाच इचारू, भरायचा का न्हाई. कौल लावू."

आमच्या वीरभद्राच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतात. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. प्रश्न मनातल्या मनात विचारायचा, मोठ्याने विचारला तर देव उत्तर देत नाही. विचारणार कोण? अप्पा म्हणाले, "सविताच इचारंल. तिचंच लगीन अडकलंय."

सोमवारी देऊळ गच्च भरलं. मॅडमसुद्धा पदर घेऊन खांबाला टेकून उभ्या. सविताने डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

उजवं फूल पडलं.

अप्पांनी नोटीस मागून घेतली, सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवानं टॅक्स भर म्हणलं, भरतो. लेकींकडनं भाडं घे म्हणलं न्हाई. सविताचं लगीन ह्याच हॉलमंदी, फुकट."

लोकांनी हरहर केलं. मॅडमनी अप्पांना हात जोडले. मला पारावर बोलावून चहा पाजला. माझे डोळे भरून आले होते, कुणी बघू नये म्हणून सविताला मागे बसवून मी गाडी काढली.

घराच्या वळणावर सविता मागून म्हणाली, "बाबा, एक सांगू? मी टॅक्सचं इचारलंच न्हाई."

मी ब्रेक दाबला. "मग काय विचारलंस?"

"म्हणलं, हॉल नको, मांडव आपल्या दारातच घातला तर चालंल का?"